फिल कॉलिन्सचा 'फेस व्हॅल्यू': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रमर फिल कॉलिन्सचा १९८१ चा हा पहिला स्वतंत्र आल्बम मी पहिल्यांदा कॅसेटवर ऐकला, तोही रात्री, घरचे झोपलेले असताना, टेपरेकॉर्डरला अगदी कान लावून. तेव्हा मी तबल्याच्या शिकवणीला जात होतो, त्यामुळे ड्रमरचा आल्बम म्हटल्यावर वादनाची आतषबाजी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिल्याच गाण्यात साडेतीन मिनिटं ड्रम आलेच नाहीत. तिथपासून या आल्बमशी जे नातं जुळलं ते आजही आहे. ओळखीपाळखीचे लोक याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

हा फिल कॉलिन्स म्हणजे नेमका कोण?

लंडनचा. जन्म ३० जानेवारी १९५१. लहानपणापासून ड्रम वाजवणारा आणि त्याच वयात रंगभूमीवरही वावरलेला. १९६४ च्या सुमारास लंडनमध्ये 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकात त्याने खिसेकापू पोराची भूमिका केली होती. १९७० मध्ये ड्रमर हवा असल्याची जाहिरात वाचून तो 'जेनेसिस' या बँडच्या निवड चाचणीला गेला आणि निवडला गेला. चाचणी होती बँडचा गायक पीटर गेब्रिएल याच्या आईवडिलांच्या घरी. तिथल्या पोहण्याच्या तलावात डुंबत असताना आधी आलेल्यांचं वाजवणं त्याच्या कानांवर पडत होतं. नंबर येईपर्यंत काय वाजवायचं ते त्याला पाठ झालं होतं.

'जेनेसिस' हा ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकमधला पहिल्या फळीचा बँड. वीस-वीस मिनिटांच्या रचना, गोष्टी सांगणारे शब्द आणि तालाची अवघड गणितं ही त्यांची ओळख. 'डान्स ऑन अ व्होल्केनो' सात मात्रांत चालतं. 'सपर्स रेडी' या दीर्घ रचनेत नऊ मात्रांचा एक लांबलचक भाग आहे. रूपक तालाची सवय असलेल्या आपल्या कानाला सात मात्रा परक्या वाटत नाहीत, पण रॉकच्या वेगात आणि त्या आवाजात त्या पेलणं हे वेगळं काम आहे. कॉलिन्स ते सहज करायचा. शिवाय तो डावखुरा असल्याने त्याच्या ड्रमची मांडणीही उलटी असायची.

ड्रमर गायला कधी लागला?

मागे बसून सुरात सूर तो पहिल्यापासूनच मिळवायचा. १९७१ आणि १९७३ च्या आल्बमांत एकेक छोटं गाणंही त्याच्या वाट्याला आलं होतं. १९७५ मध्ये गेब्रिएल बँड सोडून गेला. नव्या गायकाचा शोध बरेच दिवस चालला, मनासारखा कोणी मिळेना, तेव्हा कॉलिन्स पुढे आला. १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा तो मुख्य गायक झाल्यावरचा पहिला आल्बम.

पण गायक होणं वेगळं आणि गीतकार होणं वेगळं. 'जेनेसिस'मध्ये रचनांचा भार मुख्यतः टोनी बँक्स आणि माइक रदरफर्ड यांच्यावर होता. कॉलिन्स तालाची बाजू सांभाळायचा, सांधे जुळवायचा, कुठे काय जास्त होतंय ते सांगायचा. स्वतःचं म्हणावं असं गाणं त्याच्या नावावर जवळजवळ नव्हतंच. म्हणून 'फेस व्हॅल्यू' महत्त्वाचा. तिशीत पाऊल ठेवताना एका साथीदाराने पहिल्यांदा स्वतःचं तोंड उघडलं.

ही गाणी आली कुठून?

मोडलेल्या संसारातून. यात लपवण्यासारखं काही नाही, कारण कॉलिन्स स्वतःच याबद्दल आयुष्यभर उघडपणे बोलत आला आहे.

१९७८ मध्ये 'जेनेसिस'चे दौरे इतके वाढले की घर म्हणजे कपडे बदलायला थांबण्याची जागा झाली. पत्नी मुलांना घेऊन कॅनडात व्हँकूव्हरला गेली. कॉलिन्सही पाठोपाठ तिकडे गेला, संसार सावरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. १९७९ मध्ये तो एकटा इंग्लंडला परतला. बँक्स आणि रदरफर्ड तेव्हा आपापल्या स्वतंत्र आल्बमांच्या कामात होते, त्यामुळे बँडही थांबलेला. सरे परगण्यातल्या शालफर्ड गावातलं रिकामं घर आणि हाताला काम नाही, अशी अवस्था होती.

त्याने त्या घरातल्या एका खोलीत आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे मुद्रित करणारं टेप यंत्र बसवलं. सोबत एक पियानो, फेंडर ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो, प्रॉफेट-५ सिंथेसायझर आणि रोलँड कंपनीचं सीआर-७८ हे ड्रम मशीन. तो पियानोवर तयारीचा कलाकार नव्हता. जेवढे स्वर हाताला लागतील तेवढेच वाजवायचा. मशीनवर एक ठेका लावायचा, दोन-तीन कॉर्ड धरायचे आणि माइकसमोर जे तोंडात येईल ते म्हणायचं. 'इन द एअर टुनाइट'चे बहुतेक शब्द असेच, न लिहिता, गाता गाता आले, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे.

मला इथे एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याच्या हातात अवघडातले अवघड ताल होते, त्या माणसाने दुःखाच्या काळात जे वाद्य आपल्याला धड येत नाही ते जवळ केलं. ड्रमवर बसला असता तर हात आपोआप सवयीच्या वाटेने गेले असते. पियानोवर त्याला एकेक स्वर शोधावा लागला, आणि त्या शोधण्याचा संथपणा गाण्यांत उतरला. त्याच दिवसांत गायक-गिटारवादक जॉन मार्टिनही त्याच्या सहवासात होता, त्याचाही संसार मोडलेला. मार्टिनच्या १९८० च्या 'ग्रेस अँड डेंजर' या आल्बमवर कॉलिन्सचे ड्रम आणि आवाज आहेत. दोन्ही आल्बम पाठोपाठ ऐकून पाहा, एकाच छपराखाली झालेलं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं.

घरी केलेल्या त्या ध्वनिमुद्रणाचं पुढे काय झालं?

तेच आल्बममध्ये गेलं, निदान त्यातला बराच भाग. स्टुडिओत सगळं नव्याने वाजवायचं असं सुरुवातीला कोणालाही वाटेल. पण घरच्या टेपवर जो भाव उतरला होता तो पुन्हा पकडता येईना. म्हणून आठ ट्रॅकच्या टेपवरचं मुद्रण चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरवून घेतलं आणि त्यावर बाकीची वाद्यं चढवली. आज खोलीत लॅपटॉप उघडून आल्बम करणाऱ्यांना यात विशेष काही वाटणार नाही. १९८० मध्ये ज्याच्या बँडला जगातला कुठलाही स्टुडिओ मिळाला असता, त्याने झोपायच्या खोलीतलं काम तसंच ठेवणं हा धाडसाचा निर्णय होता.

यातली दोन गाणी, 'मिसअंडरस्टँडिंग' आणि 'प्लीज डोन्ट आस्क', 'जेनेसिस'च्या १९८० च्या 'ड्यूक' आल्बममध्ये गेली. 'इन द एअर टुनाइट' आपण बँडला ऐकवलं होतं आणि त्यांनी ते घेतलं नाही, असं कॉलिन्स म्हणतो. बँक्सचं म्हणणं असं की ते आम्हाला कधी ऐकवलंच नव्हतं. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक. गाणं त्याच्याकडे राहिलं हे बरंच झालं, असं माझं मत आहे.

'इन द एअर टुनाइट'मध्ये ड्रम इतक्या उशिरा का येतात?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते अख्ख्या आल्बमची किल्लीही इथेच आहे.

हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला ड्रम मशीनची बारीक टकटक, कोणी दुसऱ्या खोलीत टेबलावर नखं वाजवावीत तशी. त्याखाली प्रॉफेट-५ चे धुक्यासारखे कॉर्ड, चार-पाच मिनिटांत फारसे न बदलणारे. मधूनच गिटारची एक लांब ओरखडा काढणारी रेघ. मग आवाज येतो, अगदी जवळून, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. पुढे तोच आवाज व्होकोडर या यंत्रातून जातो आणि धातूचा होतो. संताप वाढतो आहे हे कळतं, पण ताल मात्र तिथेच टकटकत राहतो. दुसरं कडवं होतं, तरी काही नाही. आणि मग ३ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास, दहा ठोके. फक्त दहा. त्यानंतर पूर्ण ड्रम सुरू होतात आणि गाणं संपेपर्यंत थांबत नाहीत.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विलंबितात गायक आवर्तनभर फिरून येतो आणि सगळी मैफल समेची वाट बघत असते. समेवर तबल्याची थाप पडते तेव्हा मान आपोआप हलते. त्या थापेत जोर असतोच, पण खरी मजा आधीच्या वाट बघण्यात साठलेली असते. या गाण्यात साडेतीन मिनिटांचं एकच आवर्तन आहे असं समजा. ते दहा ठोके एखाद्या नवशिक्या ड्रमरलाही वाजवता येतील, त्यात अवघड असं काही नाही. अवघड आहे ते आधी गप्प बसणं. ज्याला वर्षानुवर्षं वाजवायचे पैसे मिळाले आहेत त्याने, स्वतःच्या पहिल्या आल्बमच्या पहिल्या गाण्यात, हात मांडीवर ठेवून बसायचं. हे गायकाला सुचलं नसतं. हे तालवाल्याचंच काम आहे, कारण रिकाम्या मात्रेची किंमत त्याला ठाऊक असते.

त्या ड्रमचा आवाज असा का आहे? तो आधी कोणी ऐकला नव्हता का?

ऐकला होता, वर्षभर आधी, गेब्रिएलच्या तिसऱ्या आल्बमवर.

पश्चिम लंडनमधल्या टाउनहाउस स्टुडिओत एक खोली होती, दगडी भिंतींची, म्हणून तिला 'स्टोन रूम'च म्हणायचे. १९७९ मध्ये गेब्रिएलच्या आल्बमचं काम तिथे चाललं होतं. ध्वनिमुद्रक होता ह्यू पॅजम, आणि ड्रमवर जुना मित्र म्हणून आलेला कॉलिन्स. गेब्रिएलने अट घातली होती की या आल्बमवर झांजा वाजवायच्या नाहीत.

स्टुडिओतल्या मिक्सरला एक सोय होती. वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून खोलीत वर एक माइक टांगलेला असायचा. कोणी कोपऱ्यातून हळू बोललं तरी ऐकू यावं आणि कोणी जवळ ओरडलं तरी कान फुटू नयेत, म्हणून त्या माइकवर जबरदस्त कंप्रेसर बसवलेला होता. म्हणजे मोठा आवाज दाबायचा, लहान आवाज वर आणायचा. कॉलिन्स ड्रम वाजवत असताना पॅजमने त्या माइकचं बटण दाबलं आणि नियंत्रण कक्षात प्रचंड आवाज घुमला. दगडी खोलीतला सगळा घुमारा कंप्रेसरने उचलून वर आणला होता. अडचण एवढीच की तो माइक बोलण्यासाठी होता, त्यावरून टेपवर मुद्रण करायची सोय नव्हती. मग मिक्सरच्या आतलं वायरिंग बदलून घेतलं.

त्याला जोड मिळाली नॉइज गेटची. हे यंत्र आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की दार लावून घेतं. आता कल्पना करा, दगडी देवळाच्या गाभाऱ्यात तुम्ही टाळी वाजवली, घुमारा उठला आणि तो विरायच्या आत कोणी धाडकन दार बंद केलं. आवाज भव्य, पण मागे शेपूट नाही. पुढच्या ठोक्यासाठी जागा स्वच्छ. झांजा नसल्यामुळे हे आणखी साधलं, कारण झांजेची लांब किणकिण गेटला नीट बंद होऊ देत नाही. टॉम या ड्रमना खालच्या बाजूने कातडं नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाजही आखूड आणि ठसठशीत.

गेब्रिएलच्या 'इंट्रूडर' या गाण्यात हा ठेका सुरुवातीपासून ऐकू येतो, भीती घालणारा. कॉलिन्सने आपल्या आल्बमसाठी पॅजमलाच सोबत घेतलं, निर्मितीत दोघांची नावं आहेत. फरक असा की 'इंट्रूडर'मध्ये आवाज पहिल्या क्षणापासून समोर आहे आणि इथे तो लपवून ठेवला आहे. पुढे ऐंशीच्या दशकात हा आवाज सगळीकडे झाला, इतका की लोक कंटाळले. पण पहिल्यांदा तो कशासाठी वापरला गेला ते ऐकलं की त्याचा राग येत नाही.

बुडणाऱ्या माणसाची गोष्ट खरी आहे का?

नाही. एक माणूस बुडत होता, दुसरा काठावर उभा राहून बघत राहिला, कॉलिन्सने ते पाहिलं आणि त्या माणसाला कार्यक्रमाला बोलावून त्याच्यासमोर हे गाणं म्हटलं, अशी ती दंतकथा. अनेक रूपांत फिरते. कॉलिन्सने ती वारंवार फेटाळली आहे. गाण्यात बुडणाऱ्याचा उल्लेख आहे तो संतापाच्या भरात आलेला, घटनेचा वृत्तान्त नव्हे.

रेडिओवर ऐकलेलं गाणं वेगळं का वाटतं?

कारण ते वेगळंच आहे. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्तेगन यांनी गाणं ऐकलं आणि विचारलं की ठेका कुठे आहे? ड्रम पुढे येतात, असं सांगितल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की तुम्हाला ते माहीत आहे, पोरांना रेडिओवर ते कळणार नाही. म्हणून एकेरी तबकडीसाठी आधीच्या भागात थोडे ड्रम वाढवले. धंद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबर असेल. मी मात्र सगळ्यांना आल्बममधलंच रूप ऐका असं आग्रहाने सांगतो. वाट बघणं काढून घेतलं तर त्या दहा ठोक्यांत उरतं काय?

आल्बमवर कोण कोण वाजवतं? आपल्याकडचं कोणी आहे का?

आहे, आणि पहिल्याच गाण्यात आहे. व्हायोलिनवादक एल. शंकर. 'इन द एअर टुनाइट', 'ड्रोन्ड' आणि शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' यांत त्याचं व्हायोलिन आहे. मद्रासचा, कर्नाटक संगीताच्या घरात वाढलेला. सत्तरच्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिनसोबत 'शक्ती' या वाद्यवृंदात तो होता, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर आपले मुंबईचे झाकीर हुसेन. झाकीरभाई आणि कॉलिन्स दोघांचं जन्मवर्ष एकच, १९५१.

'इन द एअर टुनाइट'मध्ये शंकरचं व्हायोलिन शोधावं लागतं. ते सिंथेसायझरच्या धुक्यात मिसळलेलं आहे, वेगळं उठून दिसत नाही. वीस वेळा ऐकल्यावर मला ते सापडलं आणि त्यानंतर ते कधी ऐकू आलं नाही असं झालं नाही. 'ड्रोन्ड' या शब्दगाण्याशिवायच्या तुकड्यात मात्र ते मोकळं आहे. नावातच आधारस्वराचा उल्लेख आहे. एक स्वर धरून ठेवायचा आणि त्यावर ताल रचत जायचा, ही आपल्या तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला घरची गोष्ट.

बाकीची मंडळीही तोलामोलाची. 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन बँडचे पितळी वाद्यं वाजवणारे, म्हणजे फिनिक्स हॉर्न्स. गिटारवर डॅरिल स्टुअर्मर, जो 'जेनेसिस'च्या दौऱ्यांतही असायचा. बासवर जॉन गिब्लिन, आणि काही गाण्यांत 'वेदर रिपोर्ट'चा माजी वादक अल्फान्सो जॉन्सन. 'आय मिस्ड अगेन'मधलं सॅक्सोफोन लंडनच्या जॅझ क्लबचे मालक रॉनी स्कॉट यांचं. 'इफ लीव्हिंग मी इज इझी'मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार आणि तंतुवाद्यांची रचना आरिफ मार्दिन यांची. क्लॅप्टन तिथे इतका हळू वाजवतो की नाव वाचल्याशिवाय तो असल्याचं कळतही नाही. शोकाच्या घरी आलेला शहाणा माणूस जसा कोपऱ्यात बसून राहतो, तसा.

मग याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचं का?

नाही. इथे मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या धाटणीचा सोल आहे, फंक आहे, पियानोवरची साधी विरहगीतं आहेत. 'जेनेसिस'चे जुने भक्त यावर नाराज झाले आणि काही अजून आहेत. त्यांची तक्रार मी समजू शकतो, कारण मलाही वीस मिनिटांच्या रचना आवडतात. पण 'बिहाइंड द लाइन्स' ऐका. हेच गाणं 'ड्यूक'वर भारदस्त, पडदा वर जावा तसं सुरू होतं. इथे तेच पितळी वाद्यांवर नाचतं. एकाच माणसाने एकाच गाण्याकडे दोन घरांतून कसं पाहिलं ते या दोन मुद्रणांत समजतं. आणि आल्बमच्या बांधणीत, म्हणजे 'द रूफ इज लीकिंग'मधून न थांबता 'ड्रोन्ड'मध्ये आणि तिथून 'हँड इन हँड'मध्ये जाण्यात, जुना प्रोग्रेसिव्ह रॉकवाला दिसतोच.

सगळी गाणी सारखीच चांगली आहेत का? कुठून सुरुवात करू?

क्रमाने ऐका, पहिल्यापासून. बारा गाणी आहेत, पाऊण तासाच्या आत-बाहेर.

पहिली बाजू जास्त भक्कम आहे. 'द रूफ इज लीकिंग' हे माझं सगळ्यात आवडतं. हिवाळ्यात गळक्या घरात तग धरून असलेल्या गरीब कुटुंबाचं गाणं, पियानो, बँजो आणि स्लाइड गिटारवर. कॉलिन्सच्या स्वतःच्या आयुष्याशी त्याचा थेट संबंध नाही, तरी घर राखायची धडपड तीच. 'हँड इन हँड'मध्ये लहान मुलांचा वृंद आहे आणि तिथे आल्बम पहिल्यांदा हसतो.

दुसऱ्या बाजूला 'यू नो व्हॉट आय मीन' जेमतेम अडीच मिनिटांचं, पियानो आणि तंतुवाद्यं, ड्रम नाहीतच. 'थंडर अँड लाइटनिंग' ठीकठाक आहे, ते नसतं तरी चाललं असतं. शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' हे बीटल्सचं, १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मधलं. तेरा वर्षांचा असताना कॉलिन्स बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात प्रेक्षकांच्या गर्दीत बसला होता, अंतिम चित्रपटात ते दृश्य राहिलं नाही. मूळ गाण्यातही एकच आधारस्वर आणि एकच ठेका, म्हणून ते त्याला का जवळचं वाटलं असेल ते समजतं. ते संपल्यावर लगेच बंद करू नका. अगदी शेवटी, हळू आवाजात, तो 'ओव्हर द रेनबो'च्या ओळी गुणगुणतो.

मुखपृष्ठावर नुसता चेहरा का?

'फेस व्हॅल्यू' म्हणजे दर्शनी किंमत, आणि फेस म्हणजे चेहरा. समोर अगदी जवळून घेतलेला चेहरा, मागच्या बाजूला डोक्याची मागची बाजू. जे आहे ते असं आहे. आतला मजकूर आणि श्रेयनामावली त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. कॅसेटच्या छोट्या कागदावर ते अक्षर भिंगाखाली वाचल्याचं मला आठवतं. कोणी ओळखीच्या माणसाने पत्र पाठवावं तसं वाटायचं. २०१६ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा तोच फोटो पुन्हा काढला, तसाच जवळून, पासष्टीच्या चेहऱ्याचा. त्या आवृत्तीत जोडीला घरची काही कच्ची मुद्रणंही आहेत. सुरुवात जुन्या मूळ आल्बमनेच करा, कच्ची मुद्रणं नंतर.

चालला का आल्बम?

चालला, कोणाच्याही अपेक्षेपलीकडे. फेब्रुवारी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये व्हर्जिन या कंपनीकडून आला आणि तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत सातव्यापर्यंत पोहोचला. 'इन द एअर टुनाइट' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. १९८४ मध्ये 'मायामी व्हाइस' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या भागात रात्रीच्या रस्त्यावरून गाडी जाताना ते वाजलं आणि त्याला दुसरा जन्म मिळाला. २००७ मध्ये कॅडबरीच्या जाहिरातीत गोरिला ड्रम वाजवतो त्यामुळे तिसरा.

यानंतर 'जेनेसिस' फुटलं का?

नाही. त्याच वर्षी 'अबाकॅब' आला, पॅजमही तिथे गेला आणि एका गाण्यात तीच पितळी वाद्यंही. पुढची बरीच वर्षं दोन्ही कामं समांतर चालली.

ड्रमच्या मागून गायक-गीतकार म्हणून पुढे येणारा हा एकटाच ड्रमर आहे का?

नाही, आणि खरं तर सर्वांत थोर उदाहरण याच्याही आधीचं आहे. 'सॉफ्ट मशीन' या बँडचा माजी ड्रमर रॉबर्ट वायट १ जून १९७३ ला खिडकीतून खाली पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पायाने वाजवायचे ड्रम कायमचे सुटले. १९७४ मध्ये त्याचा 'रॉक बॉटम' आला, गायक आणि गीतकार म्हणून. निर्माता होता 'पिंक फ्लॉइड'चा ड्रमर निक मेसन. तो आल्बम 'फेस व्हॅल्यू'पेक्षा विचित्र आणि खोल आहे, पण ऐकायला सोपा नाही. अलीकडचं उदाहरण हवं तर 'स्पॉक्स बिअर्ड' या बँडचा तेव्हाचा ड्रमर निक डिव्हर्जिलिओ. त्याचा 'कर्मा' २००१ मध्ये आला, आणि थोड्याच काळात मुख्य गायक बँड सोडून गेल्यावर कॉलिन्ससारखाच तोही ड्रमच्या मागून पुढे आला. योगायोग असा की 'जेनेसिस'च्या १९९७ च्या 'कॉलिंग ऑल स्टेशन्स'वर, कॉलिन्स बाहेर पडल्यानंतर, ज्यांनी ड्रम वाजवले त्यांत तोही होता.

कॉलिन्स आता ड्रम वाजवतो का?

नाही. पाठीच्या आणि नसांच्या दुखण्यामुळे हातात ड्रमची काठी धरवेनाशी झाली. २०१७ पासूनच्या दौऱ्यांत तो काठी टेकत रंगमंचावर यायचा आणि खुर्चीत बसून गायचा. मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक, दौरा सुरू झाला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. 'जेनेसिस'चा शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ रोजी लंडनला झाला, तिथेही ड्रमवर निकच होता.

त्या दौऱ्यांचं चित्रण कुठे मिळालं तर 'इन द एअर टुनाइट' जरूर पाहा. बाप खुर्चीत, प्रेक्षकांकडे तोंड करून. ड्रम मशीनची टकटक चालू. दुसरं कडवं होतं. आणि मग ते दहा ठोके मागून येतात, मुलाच्या हातचे.